नगरपरिषदेचा वाहन विभाग गळ्यात पडला तर काय करायचं

वाहन विभाग कोणी मागून घेत नाही, तो गळ्यात पडतो. जुना माणूस रिटायर होतो, जागा भरली जात नाही, आणि एका सोमवारी टेबलावर आदेश येतो की मूळ काम सांभाळून वाहन विभागाचा अतिरिक्त कार्यभार आपणाकडे देण्यात येत आहे. माझ्याकडे असाच आला. त्या दिवशी यादीवर बारा घंटागाड्या, दोन ट्रॅक्टर, एक जेसीबी, एक आगीचा बंब, गटार उपसणारी एक सक्शन गाडी, दोन पाण्याचे टँकर आणि साहेबांची जीप होती. प्रत्यक्षात चालू किती हे ऑफिसात कोणालाच सांगता येत नव्हतं, ते फक्त ड्रायव्हरांना माहीत होतं आणि ते चहा पाजल्याशिवाय बोलत नव्हते. खाली लिहितोय ते सगळं तेव्हापासून चुका करत, ऑडिटवाल्यांची बोलणी खात जमवलेलं आहे, छोट्या नगरपरिषदेच्या हिशोबाने. मोठ्या महापालिकेत वर्कशॉप, यांत्रिकी अभियंता वगैरे सगळं असतं, त्यांना यातलं बरंच बालवाडीचं वाटेल.

पहिली गोष्ट, चार्ज लिस्टवर, म्हणजे ताब्यात घ्यायच्या गाड्या-सामानाच्या यादीवर, लगेच सही करू नका. साहेब म्हणतील करा हो, नंतर बघू. नंतर कोणी बघत नाही आणि यादीवरची न सापडलेली ट्रॉली तुमच्या नावावर राहते. दोन दिवस मागून घ्या, जडवस्तू संग्रह नोंदवही (टिकाऊ सामानाचं रजिस्टर) काखेत मारा आणि प्रत्येक गाडीपाशी स्वतः जा. नुसत्या नंबरप्लेटवर विश्वास ठेवू नका, चेसिस नंबर बघा. गंजला असेल तर तारेच्या ब्रशने घासा, वर कागद ठेवून पेन्सिल फिरवली की ठसा येतो, आरटीओत पूर्वापार हेच करतात, तो ठसा गाडीच्या फाइलला लावून टाका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला स्वतंत्र नोंदणी असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ती विसरू नका. मग बॅटरीचा सिरियल नंबर, प्रत्येक टायरचा नंबर, स्टेपनी, जॅक, पाना हे सगळं लिहायचं. वाटेल की हे अति होतंय, पण आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी टँकरला नवीन बॅटरी टाकली होती आणि मी बघायला गेलो तर टँकरमध्ये पाच वर्षं जुनी, फुगलेली बॅटरी बसलेली. नवी कुठे गेली याचं उत्तर आजतागायत मिळालं नाही, कारण बिलावर सिरियल नंबर होता पण गाडीच्या नोंदीत कोणी लिहिलाच नव्हता. टायरचंही तसंच, साइडवॉलवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवीन टायर घेताना तो कोड बघायचा, म्हणजे दुकानात तीन वर्षं पडलेला माल आपल्या माथी मारला जात नाही.

हे झालं की प्रत्येक गाडीची एक वेगळी फाइल करा. एकच मोठी 'वाहन दुरुस्ती' फाइल नको, त्यात बारा गाड्यांची बिलं तारखेने लावलेली असतात आणि कुठली गाडी किती खाते ते कधीच कळत नाही. वेगळी फाइल, तिच्या पहिल्या पानावर हिस्ट्री शीट: कधी घेतली, कितीला, कुठल्या निधीतून, कधी काय बदललं, तेव्हा मीटर किती होता. सहा महिन्यांत त्या पानाकडे बघूनच समजतं की सात नंबरच्या घंटागाडीची क्लच प्लेट तिसऱ्यांदा बदलतोय, म्हणजे दोष प्लेटमध्ये नसून चालवण्यात किंवा मेकॅनिकमध्ये आहे.

कागदांचं आता. ऑफिसच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावा, आडव्या ओळीत गाड्या आणि उभ्या रकान्यात नोंदणीची तारीख, फिटनेस, पीयूसी, इन्शुरन्स. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावतो म्हणणारे सगळे विसरतात, बोर्ड येता-जाता सीओ (मुख्याधिकारी) साहेबांनाही दिसतो आणि तारीख लाल झाली की तेच विचारतात. ट्रान्सपोर्ट वर्गातल्या गाड्यांचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, पीयूसी बीएस-४ या प्रदूषण निकषाच्या आणि पुढच्या गाड्यांना वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. २०१९ च्या १ एप्रिलआधी नोंदलेल्या गाड्यांना नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवायची आहे, सरकारी गाडी म्हणून त्यातून सुटका नाही.

इन्शुरन्सवर जरा थांबतो कारण इथे भलेभले फसतात. ऑफिसात एक पक्का समज असतो की सरकारी गाडीला इन्शुरन्स लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ नीट वाचा. थर्ड पार्टी विम्यातून सूट आहे ती केंद्र आणि राज्य सरकारच्या मालकीच्या गाड्यांना, तीही व्यापारी कामाला न वापरणाऱ्या. नगरपरिषद ही स्थानिक स्वराज्य संस्था आहे, तिला सूट आपोआप नाही, सरकारने तसा आदेश काढावा लागतो आणि अपघाताची भरपाई द्यायला वेगळा निधी उभा केलेला असावा लागतो. तुमच्याकडे असा आदेश आणि असा निधी दोन्ही कागदावर आहेत का ते शोधा, नसतील तर उद्याच्या उद्या विमा उतरवा. घंटागाडीने एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उडवलं तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा निकाल थेट नगरपरिषदेच्या तिजोरीवर येतो, आणि मग विमा का नव्हता याची नोटीस कोणाच्या नावाने निघते ते सांगायला नको.

आणि पंधरा वर्षं. केंद्राने १६ जानेवारी २०२३ ला अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं झाली की संपते, नूतनीकरण होत नाही. यात महापालिका, नगरपालिका, पंचायती, एसटीसारखी महामंडळं सगळे आले. सूट आहे ती देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या कामातल्या खास गाड्यांना. आपला बंब पंधरा वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर फिरलाय, इंजिन नवीन असल्यासारखं आहे, ही सबब नियमात कुठे बसत नाही. म्हणून त्या बोर्डावर नोंदणीच्या तारखेपुढे पंधरा वर्षं मिळवून ती तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि पुढच्या तीन वर्षांत कोण कोण जाणार त्याची यादी बजेट बनायच्या आधीच लेखापालांच्या हातात द्या. बंबाचे पैसे, मंजुरी, खरेदी, त्यावर बॉडी बांधून येणं यात दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि तेवढा काळ गाव बंबाशिवाय ठेवता येत नाही.

आता लॉगबुक. सगळा वाहन विभाग त्या मळक्या वहीत असतो आणि तीच वही सगळ्यात जास्त खोटी असते. ड्रायव्हर महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने, तीस दिवसांचं भरतात. ओळखायचं कसं, तर आकडे गोल असतात, रोज ४० किलोमीटर, रोज ५ लिटर. खरी गाडी कधी ३७ फिरते, कधी ५२. दुसरी युक्ती मला एका जुन्या ऑडिटरनेच शिकवली, गॅरेजच्या जॉबकार्डच्या तारखा घ्यायच्या आणि लॉगबुकला लावून बघायच्या. आमच्या एका टँकरचं गिअरबॉक्स उतरवलेलं होतं, गाडी चार दिवस गॅरेजमध्ये, आणि लॉगबुकमध्ये त्याच चार दिवसांत बारा फेऱ्या आणि साठ लिटर डिझेल. त्या ड्रायव्हरला मी ओरडलो नाही, नुसते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

पण लॉगबुक खोटं होण्यात अर्धी चूक आपली पण असते, कारण आपण सगळ्या गाड्यांना किलोमीटरने मोजतो. जीपला ते ठीक आहे, टँकरला बऱ्यापैकी ठीक आहे, बंबाला साफ चुकीचं. समजा आग चार किलोमीटरवर लागली. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला चार, म्हणजे दोन लिटर. पण तिथे उभं राहून पंप तीन तास चालला आणि त्यात २७ लिटर गेलं. एकूण २९ लिटर, आठ किलोमीटर. ऑडिटवाला कॅल्क्युलेटर काढतो, लिटरला पाव किलोमीटर निघतं, आणि २७ लिटर वसूलपात्र म्हणून पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, काढून मोकळा होतो. त्याचं चूक नाही, वहीत पंपाचा रकानाच नव्हता. मग पुढच्या वेळी ड्रायव्हर काय करतो, तर किलोमीटर वाढवून लिहितो, खरं काम केलेला माणूस खोटं लिहायला लागतो. तेव्हा उभ्या राहून काम करणाऱ्या प्रत्येक मशीनला, म्हणजे बंब, सक्शन, जेटिंग (पाण्याच्या दाबाने गटार मोकळं करणारं), कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारा), जेसीबी, तासाचा रकाना पाहिजे. जेसीबीला अवरमीटर असतोच, बंब आणि सक्शनच्या पंपाला नसेल तर बसवून घ्या, मोठा खर्च नाही. आणि तोपर्यंत पंप चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, जागा, आणि जागेवरच्या कोणाची तरी सही.

मग प्रत्येक मशीनचं माप काढायचं. टाकी गळ्यापर्यंत फुल करा, दिवसभर नेहमीसारखं काम करू द्या, संध्याकाळी पुन्हा गळ्यापर्यंत फुल, जितकं बसलं ते भागिले तास किंवा किलोमीटर. एका दिवसाचं पुरेसं नाही, तीन-चार दिवस वेगवेगळ्या कामाचं घ्या. आमचा जेसीबी साधारण तासाला पाच लिटर घ्यायचा, कडक मुरुमात सहा, नालेसफाईत साडेचार. हे आकडे समितीसमोर, शक्य असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यांत्रिकी विभागाच्या माणसाला बोलावून घ्या, सह्या घ्या, फाइलला लावा, आणि दरवर्षी पुन्हा घ्या. हा एक कागद असला की डिझेलचे निम्मे ऑडिट पॅरे जागच्या जागी मिटतात.

डिझेलच्या स्लिपबद्दल थोडक्यात सांगतो. नंबर छापलेलं पुस्तक, तीन प्रती, एक पंपाला, एक ड्रायव्हरला, एक बुडख्याला म्हणजे पुस्तकातच राहणारी. गाडी नंबर, मीटर रीडिंग, लिटर अक्षरी. कोरी सही केलेली स्लिप कधीच, कोणालाही, 'साहेब उद्या रविवार आहे' म्हटलं तरी नाही. कॅनमध्ये डिझेल फक्त जेसीबी आणि डिवॉटरिंग (साचलेलं पाणी उपसायच्या) पंपासाठी, त्याचं वेगळं रजिस्टर. पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे, वर्षातून दोनदा तरी न सांगता जाऊन ते करा. तेल कंपन्यांची फ्लीट कार्डं मिळतात, प्रत्येक गाडीला वेगळं कार्ड आणि लिटरची मर्यादा, जमलं तर तीच घ्या, स्लिपांची कटकट बरीच कमी होते. महिन्याच्या बिलाची आणि बुडख्यांची पडताळणी मात्र स्वतः बसून करायची, ती कोणावर सोपवू नका.

देखभालीत सगळ्यात मोठा शत्रू मंजुरी आहे, मेकॅनिक नव्हे. दोनशे रुपयांचा फॅनबेल्ट तुटला, दरपत्रक मागवा, तीन आली पाहिजेत, टिपणी, लेखापाल, सीओ, तोपर्यंत गाडी आठ दिवस उभी आणि एका प्रभागात कचरा साठून नगरसेवकांचे फोन. किंवा ड्रायव्हर तशीच चालवतो, इंजिन तापतं, हेड जातं, आणि दोनशेचे चाळीस हजार होतात. यावर उपाय दोन, दोन्ही नियमातले. एक, छोट्या दुरुस्तीसाठी स्थायी अग्रिम, म्हणजे हाताशी ठेवायची ठरावीक रक्कम, मंजूर करून घ्या, खर्च करा, बिलं जोडा, पुन्हा भरून घ्या. दोन, वार्षिक दरकरार, पण तो करताना 'सर्व प्रकारची दुरुस्ती' असं मोघम लिहू नका. गाडीच्या मॉडेलवार क्लच, ब्रेक, ऑइल बदल, हायड्रॉलिक होज, पिन-बुश असे आयटम पाडा, मजुरी वेगळी, स्पेअर छापील किमतीवर किती टक्के सूट ते वेगळं. नाहीतर वर्षभर तुकडे पाडून बिलं निघतात आणि तो पॅरा तुमच्या नावावर. बदललेला जुना पार्ट परत घ्यायचाच, त्यावर ऑइल पेंटने गाडी नंबर आणि तारीख टाकायची आणि भंगार रजिस्टरला जमा करायचा. पेंट का, तर तोच जुना पार्ट दुसऱ्यांदा 'काढलेला' म्हणून दाखवता येऊ नये म्हणून. हसू नका, झालंय.

बीएस-६ गाड्या आल्यापासून दोन नवीन दुखणी आलीत. मोठ्या डिझेल गाड्यांना एक वेगळी छोटी टाकी असते, निळ्या झाकणाची, तिच्यात डीईएफ, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारं द्रावण, टाकायचं असतं, ड्रायव्हर त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात. आणि तिथेच घोटाळा होतो. ते साडेबत्तीस टक्के युरियाचं शुद्ध केलेलं द्रावण असतं, सीलबंद कॅनमध्ये मिळतं, कृषी सेवा केंद्रातला खताचा युरिया पाण्यात कालवून टाकायचा नसतो, नळाचं पाणी तर अजिबात नाही. ते केलं की सेन्सर, पंप, सगळी सिस्टिम जाते आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. संपलं तर गाडीची ताकद आपोआप कमी होते, कॉम्प्युटरच तसा आहे, मेकॅनिक डोकं खाजवत बसतो. तेव्हा डिझेलसारखीच त्याचीही खरेदी वर्षाच्या सुरुवातीलाच धरा. दुसरं दुखणं, धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर. तो स्वतःला साफ करतो पण त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत, बऱ्या वेगाने चालावी लागते. घंटागाडी दिवसभर गल्लीत माणसाच्या चालीने, दहा पावलं चाल आणि थांब, त्यामुळे तो साफ होतच नाही, दिवा लागतो, शेवटी गाडी बसते. ज्या गाडीला असा फिल्टर आहे तिला आठवड्यातून एकदा हायवेने वीस-पंचवीस मिनिटं सलग पळवा. लॉगबुकमध्ये कारण लिहा नाहीतर ती फेरी 'खाजगी वापर' ठरेल.

जेसीबीला रोज सकाळी ग्रीस, एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत लवकर लवकर बघायचा, बकेटचे दात झिजले की बदलायचे, बाकी सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तासांप्रमाणे. यात शिकवण्यासारखं नाही, फक्त करत राहायचं आहे.

उभ्या राहणाऱ्या मशीनचं मात्र उलट आहे. बंब, डिवॉटरिंग पंप, जनरेटर, बोट, वापरलं नाही म्हणून खराब होतात. बंबाला दर आठवड्याला बाहेर काढायचा, पाणी भरून पंप खरंच चालवायचा, होज पसरून दाब द्यायचा, परत सुकवून गुंडाळायचे. नुसतं इंजिन स्टार्ट करून दोन मिनिटांत बंद करणं म्हणजे बॅटरी आणखी उतरवणं. डिवॉटरिंग पंप मे महिन्यात विहिरीवर नेऊन चालवून बघा, पहिल्या पावसात सखल भागात गुडघाभर पाणी शिरल्यावर त्याचा फूटव्हॉल्व्ह उंदराने खाल्लाय हे कळणं फार वाईट. नदीकाठचं गाव असेल तर बोटीचं इंजिनही त्याच दिवशी.

आणि सक्शन-जेटिंग गाडी. ही एक गाडी मी बाकी सगळ्यांच्या वर ठेवतो. ती बंद पडली की चेंबर तुंबतं, लोक ओरडतात, मुकादमावर दबाव येतो आणि मग कोणीतरी माणूस खाली उतरवतो. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणसाला अशा धोक्याच्या सफाईसाठी उतरवणं गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. पण भरपाईचं सोडा, माणूस जातो. म्हणून या गाडीचा व्हॅक्यूम पंप, त्याचं ऑइल, व्हेन, सक्शन होज, जेटिंगचे नोझल हे स्पेअर स्टोअरमध्ये कायम ठेवा, आणि शेजारच्या नगरपरिषदेशी आधीच लेखी बोलून ठेवा की आमची बंद पडली तर तुमची द्या, तुमची पडली तर आमची. मुकादमाला आणि ठेकेदाराला लेखी कळवा की गाडी बंद असेल तर काम थांबेल, माणूस उतरणार नाही. हा कागद मी दर सहा महिन्यांनी पुन्हा काढतो.

ड्रायव्हर. जुने कायम ड्रायव्हर, ज्यांना सगळं ऑफिस मामा म्हणतं, आणि एजन्सीकडून आलेली पोरं, या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मामांना गाडीच्या आवाजावरून बेअरिंग कळतं, पण लॉगबुक लिहायचा कंटाळा, पोरांना उलटं. दोघांच्याही लायसन्सची झेरॉक्स न घेता मूळ बघा आणि ऑनलाइन तपासा. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवीन करावं लागतं, बरेच जण विसरतात. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ७,५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवू शकतो, त्यामुळे छोट्या घंटागाडीचा प्रश्न बराच सुटला, पण मोठा कॉम्पॅक्टर आणि बंब त्यात येत नाहीत. लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ आणि १८० खाली देणाराही अडकतो, 'एजन्सीने पाठवला होता' हे उत्तर चालत नाही. शक्यतो एक गाडी एका ड्रायव्हरकडे कायम ठेवा, रोज फिरवाफिरवी केली की कोणाचीच गाडी नसते. आणि एक तक्रार वही ठेवा, ड्रायव्हरने संध्याकाळी त्यात लिहायचं, ब्रेक लागत नाहीत, स्टिअरिंग ओढतं. लिहिलेल्या तक्रारीवर दुसऱ्या दिवशी काहीतरी झालं तरच ते परत लिहितील, नाहीतर वही कोरी राहते आणि अपघात झाल्यावर सगळे म्हणतात मी तोंडी सांगितलं होतं.

जीपचं अवघड प्रकरण. कोणाची मुलगी स्टेशनला सोडायची, कोणाला देवाला जायचं, टँकर कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नात पाठवायचा. तुम्ही नाही म्हणू शकत नाही हे मला माहीत आहे, मीही सगळ्या वेळी म्हटलं नाही. पण ड्रायव्हरला सांगून ठेवा की जिथे गेला तेच लिहायचं, कोणाच्या सांगण्यावरून ते पण लिहायचं. टँकरला दर ठरवून पावती फाडायची पद्धत सुरू करा, पाणी लग्नालाच जाईल पण पावतीने जाईल. गंमत म्हणजे लिहिलं जातंय हे कळल्यावर मागणी आपोआप निम्मी होते. साहेबांच्या गाडीवर दिवा मागणारे मात्र मे २०१७ नंतर बंद झाले, तेवढं एक सुख.

निवडणूक लागली की पदाधिकाऱ्यांच्या गाड्या जमा होतात आणि उरलेल्या अधिग्रहित होतात. लोकसभा-विधानसभेला ते लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १६० खाली, आपत्तीत आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली. गाडी देताना आदेशाची प्रत, मीटर रीडिंग, टाकीतलं डिझेल, स्टेपनी याची पोच घ्या आणि परत घेताना तेच तपासा. आणि बंब व सक्शन वगळा असं पत्र आधीच द्या, मागितल्यावर देऊन उपयोग नसतो.

नवीन खरेदी जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून होते, तिथे बाकी सगळं सोपं आहे, अवघड आहे ते स्पेसिफिकेशन. शेजारच्यांचं कॉपी करू नका. टेप घेऊन गावठाणातल्या गल्ल्या मोजा, सगळ्यात अरुंद वळण कुठलं ते बघा, आमच्या इथे एक कॉम्पॅक्टर असा आला की जुन्या पेठेत शिरला की रिव्हर्सच यायचा. चेसिसची वॉरंटी एकाकडे आणि वरच्या हॉपर-टँकची दुसऱ्याकडे असते, बिघाड झाला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा करारात जबाबदार एकच धरा. ड्रायव्हरांना ट्रेनिंग आणि पार्टचं पुस्तक हेही अटीत घाला. इलेक्ट्रिक घंटागाडी घेणार असाल तर आधी चार्जिंगचं मीटर कनेक्शन, मग गाडी. उलटं केलं की नव्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या राहतात.

जुन्या गाड्या काढणं. कुठल्याही नगरपरिषदेच्या आवारात मागच्या बाजूला जा, तीन-चार सांगाडे, त्यातून पिंपळ आलेला, आत कुत्री व्यालेली. फाइल कोणी हलवत नाही कारण निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदीतून कायमची काढायची, सही म्हणजे भीती. पण उभ्या गाडीचा रोज एक पार्ट जातो, आधी बॅटरी, मग टायर, मग डायनामो, आणि लिलावाला काढाल तेव्हा मूल्यांकन आणि वस्तू जुळत नाही. म्हणून गाडी बंद ठरवली त्याच दिवशी चारही बाजूंनी फोटो, उरलेल्या पार्टची यादी, पंचनामा. मग तांत्रिक तपासणी आणि मूल्यांकन, समिती, सभेचा ठराव. पंधरा वर्षं झालेली गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देता येत नाही, ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रालाच जायला हवी. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ई-लिलाव होतो, त्यात ही केंद्रंच बोली लावतात. गाडी दिली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' घ्या, नवीन गाडीच्या नोंदणी शुल्कात त्याने सूट मिळते. आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद आला की मगच जडवस्तू नोंदवहीतून नाव उडवा, आधी नाही. मध्येच कोणी तुमच्या जुन्या नंबरावर गाडी फिरवली तर पोलीस तुमच्याकडे येतील.

मोजणी वर्षातून एकदा करायची असते, ती कधी करायची हा प्रश्न मी सोपा करून टाकलाय. खंडेनवमीला सगळ्या गाड्या धुऊन, पुसून आवारात रांगेत उभ्या राहतात, ठेकेदाराच्या, गॅरेजमधल्या सुद्धा, कारण पूजेला आपली गाडी नाही हे ड्रायव्हरला चालत नाही. वर्षात तेवढा एकच दिवस सगळं एका जागी असतं. सकाळी सातला वही घेऊन जा, चेसिस, मीटर, अवरमीटर, बॅटरी, टायर सगळं टिपा, मोबाइलवर प्रत्येकीचा समोरून एक फोटो काढा. नारळ फुटायच्या आधी हे उरकायचं बरं का, एकदा झेंडूचे हार चढले की नंबरप्लेट दिसत नाही.